आजोबांचा ‘रशियन रेडिओ’ ४० मीटरवर लावावा का?

जुनाबाजार_रविवार
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

वाईच्या घराचा माळा रिकामा करताना घोंगडीत गुंडाळलेली लोखंडी पेटी निघाली. दोन माणसांनी धरून उतरवली. आत हिरव्या रंगाचा वायरलेस सेट, त्याचा वेगळा पॉवर सप्लाय आणि अँटेना जुळवायचं डब्यासारखं एक व्हेरिओमीटर. माइक नाही, हेडफोन नाही, केबली उंदरांनी खाल्लेल्या. सेटवर इंग्रजीत ‘वायरलेस सेट नं. १९, मार्क ३’ असं लिहिलंय, आणि गंमत म्हणजे प्रत्येक बटणाखाली रशियनमध्येही लिहिलंय. त्यामुळे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या याला ‘रशियन रेडिओ’ म्हणतात. आजोबा (आईचे वडील) १९५० च्या दशकात मुंबईत हॅम (हौशी रेडिओवाले) होते एवढं आईला आठवतं. धाकट्या मामाच्या मते ते हेर होते. प्रत्यक्षात म्युनिसिपालिटीत कारकून होते.

माझ्याकडे जनरल ग्रेडचा परवाना आहे, घरी साधा चिनी रिग (ट्रान्समीटर-रिसीव्हर) आहे. मला हा सेट ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात) चालवायचाय. शक्य आहे का? कोणी केलंय का? की काचेच्या कपाटात ठेवून गप्प बसू?

शंकासुर
शनिवार, रात्री ९.५२

आधी आजोबांची पेन्शन मॉस्कोहून यायची का ते तपासा.

तारायंत्र
शनिवार, रात्री ११.१०

काहीही चालू करू नका!! पहिलं वाक्य हेच. ८० वर्षांच्या सेटला थेट करंट दिला की जे वाचलं होतं तेही जातं.

आता रशियन अक्षरांचं. हा सेट मूळ इंग्रजांचा, १९४१ चा, मुख्यतः रणगाड्यांसाठी. कॅनडातही तो प्रचंड संख्येनं बनला. कॅनडात बनलेले व्हॅलेंटाइन रणगाडे रशियाला गेले, त्यांच्यात हाच सेट होता, म्हणून पॅनेलवर दोन्ही लिपी. पण असे दुभाषी सेट सगळ्याच दोस्त फौजांना मिळाले. युद्ध संपल्यावर डिस्पोजलचा (सैन्यानं विकून टाकलेला) माल म्हणून बाजारात आले. तुमच्या आजोबांनी चोरबाजारातून उचलला असणार. त्या काळी नवा रिग परदेशातून मागवणं कारकुनाच्या ऐपतीतलं नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या हॅम लोकांचा पहिला सेट बहुधा डिस्पोजलचाच असायचा.

एका पेटीत तीन गोष्टी आहेत. ‘ए’ सेट २ ते ८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपले ८० आणि ४० मीटर दोन्ही त्यात. ‘बी’ सेट २३५ मेगाहर्ट्झच्या आसपास, शेजारच्या रणगाड्याशी मैलभर बोलायला. तिसरा भाग रणगाड्यातल्या माणसांनी आपापसांत बोलायचा इंटरकॉम. ‘बी’ ला हात लावू नका, ती फ्रीक्वेन्सी आपली नाही. त्याचा स्विच बंदच राहू दे.

ताकद म्हणाल तर मोर्सवर दहाएक वॉट, आवाजावर दोन-तीन. शेवटचा व्हॉल्व्ह ८०७, तो मिळतो. तेव्हा उत्तर ‘हो, शक्य आहे’. पण घाई नको.

सातारी_सिग्नल
रविवार, सकाळी ६.१५

जय हिंद. पोरा, पणजीच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरात आमच्या वर्गात हा सेट होता. तेव्हाच म्हातारा झाला होता, पण उस्ताद म्हणायचे, हा समजला की कुठलाही समजेल.

डायलजवळ लाल आणि निळी खूण असलेला खटका असेल बघ. त्याला फ्लिक म्हणतात. दोन फ्रीक्वेन्सी आधी पक्क्या करून ठेवायच्या. मग रात्री, थंडीत, हातमोजे घालून, खटका मारला की लालवरून निळ्यावर. डोळे लावायचं काम नाही. ‘नेट’ लिहिलेलं बटण असेल. समोरच्याचा सिग्नल लावायचा, ते दाबायचं, शिट्टी येईल. शिट्टी उतरत उतरत गप्प झाली की तू आणि तो बरोबर एका जागी. आम्हाला डोळे बांधून करायला लावलंय.

तीव्र चौकस! (आमच्या सिग्नल्सचं बोधवाक्य)

बिटेक्सवाला
रविवार, सकाळी ९.०५

माझं मत वेगळं आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. आतलं सगळं काढा, बिटेक्सचा (घरी बांधायच्या आधुनिक हॅम सेटचा) बोर्ड बसवा. बाहेरून रणगाडा, आतून स्वच्छ एसएसबी (सिग्नलची एकच बाजू पाठवायची आजची पद्धत). बॅटरीवर चालेल, ५०० व्होल्टचा धोका नाही, फ्रीक्वेन्सी हलणार नाही. एका रविवारचं काम.

विद्युल्लता
रविवार, सकाळी ९.०९

वाड्याचा दर्शनी दरवाजा ठेवून मागे टॉवर बांधतात तसं का?

तारायंत्र
रविवार, सकाळी ९.३०

मी फक्त चहा पिऊन शांत बसलोय.

बिटेक्सवाला
रविवार, सकाळी १०.४८

हसा. पण मुद्दा भावनेचा नाहीये. आपल्याकडे ४० मीटर म्हणजे ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ. त्यात सकाळी किती नेट (ठरलेल्या वेळी हवेत जमणारे हॅमचे गट) चालतात माहितीये ना? एसएसबी सिग्नल अडीच-तीन किलोहर्ट्झ जागा घेतो. हा सेट बोलतो ते जुन्या एएम पद्धतीनं, ते त्याच्या दुप्पट, वर मधोमध कॅरियरची (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची) सतत शिट्टी. त्यात हा सेट तापेल तसा सरकणार. दहा मिनिटांत शेजारच्याच्या अंगणात. मग तुमचा आनंद आणि बाकीच्यांची डोकेदुखी. परवान्यात एएम बसतं म्हणून ते कुठेही, कधीही करायचं का?

मुलुंडकर
रविवार, दुपारी १.२०

बिटेक्सवाल्या, तुझा मुद्दा मान्य, उपाय अमान्य.

आमच्या बाबांकडे बीसी-३४८ होता. अमेरिकन बॉम्बर विमानांतला रिसीव्हर, बी-१७, बी-२४ मधला. चोरबाजारातून आणून टॅक्सीनं घरी. आईला वाटलं, वा, मोठा रेडिओ आला, आता गाणी. बाबांनी दोन महिने खपून तो चालू केला. आत एक डायनामोटर असतो, म्हणजे विमानाच्या २८ व्होल्टवर फिरणारी मोटर आणि तिच्याच दांड्यावर व्हॉल्व्हसाठी दोनशेच्या वर व्होल्ट देणारा जनरेटर. तो काढून ट्रान्सफॉर्मर बसवला. व्हॉल्व्हचे फिलामेंट २८ व्होल्टसाठी माळेसारखे जोडलेले, ते सगळे सोडवून ६.३ साठी समांतर केले. पॅनेलवर मेन्सच्या स्विचसाठी भोक पाडलं. आज कोणी पाडलं तर मी ओरडेन. तेव्हा सगळेच पाडायचे.

चालू झाला त्या दिवशी शेजारीपाजारी जमले. आई म्हणाली, मुंबई केंद्र लावा. बाबांनी डायल फिरवला, फिरवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हा सेट २०० ते ५०० किलोहर्ट्झ ऐकतो, मग थेट १५०० वरून १८ मेगाहर्ट्झपर्यंत. मधलं मीडियम वेव्ह गायब! विमानाला गाणी कशाला लागतात? अस्मिता वाहिनी ५५८ वर, मुंबई ‘अ’ १०४४ वर, दोन्ही बरोबर खड्ड्यात. आईनं पुढे कित्येक वर्षं त्याला ‘मुका रेडिओ’ म्हटलं. रेडिओ सिलोन मात्र असा लागायचा की भिंत थरथरायची, त्यावर तिची समजूत निघाली.

सांगायचं हे की बाबांनी त्यावर केलेलं कापाकापीचं कामही आता मला जपावंसं वाटतं. त्यांच्या हातचे सोल्डरचे ठिपके ओळखू येतात.

अनघा_एडिसन
रविवार, संध्याकाळी ७.३५ (इथे सकाळ)

मुलुंडकर, अगदी. इकडे अमेरिकेत युद्धानंतर कमांड सेट नावाचे छोटे विमानातले ट्रान्समीटर-रिसीव्हर काही डॉलरना, खोक्यात पॅक नवेकोरे मिळायचे. ७ ते ९.१ मेगाहर्ट्झचा बीसी-४५९ घ्यायचा, पॉवर सप्लाय जोडायचा, झालं ४० मीटरचं स्टेशन. एका पिढीनं शाळेत असताना त्यावर मोर्स ठोकला. त्यातलाच बीसी-४५३ रिसीव्हर दुसऱ्या रिसीव्हरच्या मागे लावला की गर्दीतला एकच सिग्नल निवडून द्यायचा. त्याचं लाडकं नाव ‘क्यू-फायव्हर’, कारण ऐकू येण्याचा अहवाल क्यू-५, म्हणजे पूर्ण स्पष्ट, व्हायचा. लोकांनी ते हजारांनी कापले. आता न कापलेला एक मिळावा म्हणून तेच लोक ओहायोच्या हॅमव्हेन्शनला पहाटे जुन्या बाजारात टॉर्च घेऊन फिरतात. मीही त्यातलीच.

माझ्याकडे आर-३९०ए आहे. कॉलिन्स कंपनीनं १९५० च्या दशकात सैन्यासाठी आखलेला रिसीव्हर, अर्धा ते ३२ मेगाहर्ट्झ. जवळजवळ ३९ किलो. ‘मी एकटी उचलते’ असं नवऱ्याला सांगून पाठ धरून बसले होते. डायल नाहीच, आकड्यांचा काउंटर, गाडीच्या मीटरसारखा. झाकण काढलं की आत घड्याळजीचं दुकान: गिअर, कॅम, आणि नॉब फिरवला की कॉइलमधले गाभे ठेवलेले रॅक वरखाली होतात. आधी मी तासभर नुसता नॉबच फिरवत बसले होते.

मूळ प्रश्नावर माझं मत: परत जोडता येईल असाच बदल करा. काढलेला प्रत्येक भाग डबीत घालून चिठ्ठी लावा. पॅनेलला भोक नको.

ब्रिस्टलचा_बाळ्या
सोमवार, रात्री १२.०५

इकडे विलायतेत ३६१५ किलोहर्ट्झवर शनिवारी सकाळी जुन्या सैनिकी सेटांचा एएम नेट भरतो. १९ नंबर, ६२ नंबर, सगळी म्हातारी मंडळी. अमेरिकेत तशी जागा ३८८५. बिटेक्सवाल्यांच्या तक्रारीचं हेच उत्तर आहे. जागा ठरवली की भांडण नाही. सगळे एएमवाले एकाच ठिकाणी शिट्ट्या मारतात.

मी स्वतः नव्या पिढीतला सेट घेतला, क्लॅन्समन पीआरसी-३२०. ३० वॉट, २ ते ३० मेगाहर्ट्झ, पाठीवर नेता येतो. वाटलं, वा, तयार हॅम रिगच की! घरी आणल्यावर कळलं की साइडबँड (एसएसबीत पाठवायची बाजू) फक्त अपर. आपण ४० आणि ८० वर लोअर वापरतो. म्हणजे तिथं मी बोललो की लोकांना बदकाचा आवाज, लोक बोलले की मला बदक. २० मीटरवर मात्र झकास. त्याचा हातानं फिरवायचा जनरेटरही घेतला. पोरांना प्रत्येकी एक पाउंड देऊन फिरवायला लावला. दहा मिनिटांत पोरांनी दर वाढवला.

खडकी_डेपो
सोमवार, सकाळी ८.२०

जरा वेगळा प्रश्न. माझ्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे सैन्याचा पाठीवरचा सेट आलाय, ट्रान्झिस्टरचा, ३० ते ७६ मेगाहर्ट्झ दिसतोय. सहा मीटरवर (५० मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात) चालेल ना? स्वस्त देतोय.

सातारी_सिग्नल
सोमवार, सकाळी ८.४१

हात लावू नकोस. फोटोही टाकू नकोस. असा माल लिलावात निघतो तो तोडून निघतो. अख्खा निघाला असेल तर तो कुठून निघाला हे तुला कोणीतरी विचारणार, आणि भंगारवाला तेव्हा तुला ओळखणार नाही. १९३३ च्या कायद्यापासून परवान्याशिवाय वायरलेस सेट नुसता बाळगणंही गुन्हा होता. आजोबांचा ८० वर्षांपूर्वीचा सेट वेगळा आणि हे वेगळं.

तारायंत्र
सोमवार, सकाळी ९.१५

सुभेदार साहेबांशी शंभर टक्के सहमत. परदेशात लोक पीआरसी-७७ (असाच पाठीवरचा अमेरिकन सेट) सहा मीटरवर चालवतात, तो ५० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी जातो आणि १५० हर्ट्झचा टोन नसेल तर त्याचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारा भाग) उघडत नाही, वगैरे मजा आहे. पण तिकडे तो उघड दुकानात मिळतो. आणि रविवारवाले, तुम्हीही सेट परवान्याच्या कागदपत्रांत कसा दाखवायचा ते आधी विचारून घ्या.

निळू_पणजी
सोमवार, रात्री १०.३०

सैन्याच्या सेटावरून आठवलं, विषयांतराबद्दल माफी. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगिजांचे वायरलेस सेट हाती लागले. त्यातूनच पुढे ट्रान्समीटर तयार झाला आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून जंगलातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ सुरू झालं, कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला आंबोलीच्या जंगलात, पावसाळ्यात, जळवा आणि ओल. कोकणी आणि पोर्तुगीज दोन्हीत बोलायचे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर लिबियाबाईंनी विमानातून लाउडस्पीकरवर ती बातमी सांगितली. शत्रूचाच सेट घेऊन त्याच्याच विरुद्ध सहा वर्षं!

विद्युल्लता
सोमवार, रात्री १०.५१

आंबोलीत आमच्या छत्र्यांना बुरशी येते, तिथे व्हॉल्व्हचा सेट चालवला. एवढं तर विषयांतर चालतंच, निळूभाऊ.

फ्यूजउडाला
मंगळवार, दुपारी ३.१२

मी फक्त शॉकबद्दल लिहितो, कारण त्यात माझा अनुभव दांडगा आहे.

१९ च्या मूळ सप्लायमधून दोन एचटी (उच्च व्होल्टेज) निघतात, रिसीव्हरला पावणेतीनशेच्या आसपास आणि ८०७ ला पाचशेच्या वर. मी दुसऱ्याच एका सेटवर काम करत होतो, सप्लाय बंद, प्लग काढलेला, म्हणून निर्धास्त. फिल्टरचा कंडेन्सर भरलेला होता. उजवा हात आत, डावा चासीवर (सेटच्या धातूच्या सांगाड्यावर). मी स्टुलासकट मागे गेलो आणि बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय पडलं? मला नाव सांगता येईना, माझंच.

म्हणून: कंडेन्सरला ब्लीडर (साठलेला चार्ज हळूहळू रिकामा करणारा) रेझिस्टन्स लावा. आत हात घालण्याआधी लाकडी दांड्याला बांधलेल्या वायरीनं चासीला शॉर्ट करा. मोजताना डावा हात खिशात. आणि घरात कोणीतरी असू द्या.

तारायंत्र
मंगळवार, रात्री ९.०२

हे पोस्ट छापून भिंतीवर लावा. त्यात माझी थोडी भर.

पहिलं, मेणकागदाचे कंडेन्सर सगळे बदला. चांगले दिसतात, पण गळतात, आणि ग्रिडवर व्होल्टेज गेलं की पुढचा व्हॉल्व्ह मरतो. हौस असेल तर जुन्या कंडेन्सरचं कवच पोकळ करून नवा आत लपवा.

दुसरं, पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वाटेत १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब भक्क पेटला तर आत शॉर्ट आहे. अंधुक राहिला तर देवाचं नाव घ्या.

तिसरं, मूळ सप्लाय १२ व्होल्टवर फिरणाऱ्या मोटरींचा आहे. तेल देऊन, ब्रश साफ करून फिरवून बघा, पण रोज वापरू नका. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, आणि बॅटरी नुसतं ऐकतानासुद्धा पिते. वेगळा ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय बांधा.

चौथं, माइक कार्बनचा लावू नका. याला मूव्हिंग कॉइल लागतो.

पाचवं, ट्रान्समीटरनंतर लो-पास (वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा) फिल्टर. हा सेट ७.१ वर बोलतो तेव्हा आतला ऑसिलेटर ७.५६५ वर असतो, त्यातून ४६५ किलोहर्ट्झ वजा होऊन फ्रीक्वेन्सी बनते. म्हणून तर रिसीव्हर आणि ट्रान्समीटर आपोआप एका जागी राहतात, १९४१ साली हे हुशारीचं काम होतं. पण अशा बेरीज-वजाबाकीत नको ते आकडेही बाहेर पडतात, आणि त्यातले जवळचे फिल्टरलाही दाद देत नाहीत. म्हणून व्हेरिओमीटरही नीट ट्यून करा.

आणि मुलुंडकर, विमानातल्या सेटच्या मीटर-डायलवर जुना तपकिरी पडलेला चमकता रंग असेल तर खरवडू नका. तो बहुधा रेडियमचा. चमक विझते, रेडियम हजारो वर्षं राहतं.

मुलुंडकर
मंगळवार, रात्री ९.२०

बाबांनी ब्रासोनं पुसला होता. असो.

जुनाबाजार_रविवार
(साडेतीन महिन्यांनंतर) रविवार, संध्याकाळी ५.५०

धागा वर काढतोय. सगळ्यांचे उपकार म्हणून सविस्तर.

कंडेन्सर बदलले, तेवीस. रेझिस्टन्स मोजले तर निम्मे दीडपट झालेले, तेही बदलले. काढलेलं सगळं डब्यांत, चिठ्ठ्या लावून (अनघाताई!). ८०७ मेला होता. ‘टेस्टेड ओके’ म्हणून ऑनलाइन मागवलेला दुसराही मेलेलाच निघाला. शेवटी तालमीजवळच्या म्हाताऱ्या लाउडस्पीकरवाल्या काकांनी गणपतीच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून एक काढून दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणाले चालू झाला की ऐकव.

रिसीव्हरला करंट दिला. बल्ब लाल झाला आणि अंधुक राहिला. दोन मिनिटं नुसता घुंघुं. मग तापलेल्या धुळीचा वास, आणि एकदम बदकं! सकाळचा नेट चालू होता. ‘हेट टोन’चं बटण हळूहळू फिरवलं तसं एक बदक माणूस झालं आणि म्हणालं, “कोल्हापुरात पाऊस नाही.” मी ओरडलोच.

ट्रान्समीटरला आणखी सहा आठवडे गेले. छतावर ४० मीटरचा डायपोल (तारेचा अँटेना), दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. सोसायटीला सांगितलं कपडे वाळत घालायची तार आहे, हे उत्तर इथे लिहायला नको होतं. माइक म्हणून जुन्या हेडफोनची एक बाजू. काल दुपारी दोन वाजता, बँड रिकामा पाहून, तारायंत्र काकांशी ठरवून एएमवर हाक मारली. ते नाशिकला, मी पुण्यात, अडीच वॉट. त्यांनी ५ आणि ७ (पूर्ण स्पष्ट, ताकद बरी) असा अहवाल दिला. मी तीन मिनिटं काय बोललो आठवत नाही.

तारायंत्र
रविवार, संध्याकाळी ६.१८

मला आठवतं. “हॅलो, ऐकू येतंय का” नऊ वेळा. आवाज मात्र गोड, आकाशवाणीच्या जुन्या निवेदकासारखा. दहा मिनिटांत दीड किलोहर्ट्झ सरकला. मी मागे मागे फिरत राहिलो.

बिटेक्सवाला
रविवार, संध्याकाळी ६.४०

मीही ऐकत होतो, बिटेक्सवर. कॅरियरवर बरोबर बसवलं की एएम एसएसबीच्या रिगवरही नीट वाचता येतं. आवाज छान होता हे कबूल. दीड नाही, दोन किलोहर्ट्झ सरकलात. आणि दुपारी दोनची वेळ निवडलीत म्हणून गप्प बसलो, सकाळी आठला केलंत तर मी बोलेन.

सातारी_सिग्नल
रविवार, संध्याकाळी ७.०५

पोरा, अर्धा तास आधी तापत ठेवायचा, मग बोलायचं. सरकणार नाही. ‘नेट’ दाबलंस का?

जुनाबाजार_रविवार
रविवार, संध्याकाळी ७.११

दाबलं साहेब. शिट्टी उतरत उतरत गप्प झाली, तुम्ही लिहिलं होतं तश्शी. डोळे बांधून अजून नाही जमत.

खडकी_डेपो
रविवार, संध्याकाळी ७.३०

मूळ केबलचे प्लग कुठे मिळाले? आणि पॅनेलला काही केलंत का?

जुनाबाजार_रविवार
रविवार, संध्याकाळी ७.४४

प्लग नाही मिळाले. मूळ सॉकेटच्या पिनांवर एकेक पितळी नळी सरकवून वायर जोडल्यात, वरून इन्सुलेशन. ओढलं की निघतं. भोक एकही नाही. फोटो रात्री टाकतो.

शंकासुर
रविवार, रात्री ८.०२

मॉस्कोहून पोच आली का?

जुनाबाजार_रविवार
रविवार, रात्री ८.०५

नाशिकहून आली. मामाला सांगितलं नाहीये.